जळका वास

"काहीतरी जळतंय," लिफ्टच्या छतावर उकिडवा बसलेला मेकॅनिक म्हणाला.

लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधोमध उभी होती. त्याने वायरी हुंगल्या, पॅनल हुंगलं. सव्वीस वर्षांत त्याचं नाक चुकलं नव्हतं.

"मला नाही येत वास," छतावर शेजारीच बसलेला, मदतनीस म्हणून लागलेला मेहुणा म्हणाला.

"सर्दी झालीय का तुला?"

"नाही. पण भाऊजी, तुमचं तोंड का असं पांढरं पडलंय?"

दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये कोसळण्याआधी हाच वास आला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी गीझर उघडून पाहिला. गीझर निर्दोष निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मेंदूला सूज आहे. शरीराची राखणदार फौज मेंदूवरच उलटलीय. सुजेने फिट येते, फिटने सूज वाढते. सुजेच्या गोळ्या मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत. आणि उंचावर चढायचं नाही."

त्याला सगळं समजलं होतं, आपल्या पद्धतीने. फॉल्ट गेला की तात्पुरती जोडणी काढून टाकायची, हा धंद्याचा नियम. तीन आठवडे फिट आली नाही, त्याने गोळ्या काढून टाकल्या. उंचीचं म्हणाल तर लिफ्ट तळमजल्यालाही येतेच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

वास दाट झाला. छत आणि भिंत यांच्यात हातभर फट, खाली चार मजल्यांची पोकळी. बोललं तर बातमी बायकोकडे, तिथून कंपनीत, आणि नोकरी गेली. गप्प बसलं तर तो स्वतःच त्या फटीतून.

"छतावरची लिफ्ट चालवायची बटणं तू धर," तो म्हणाला.

"मी? तुम्ही तर हात लावू देत नाही."

"आज लाव. हळूहळू खाली घे, छत चौथ्याच्या दाराशी येईपर्यंत."

लिफ्ट मुंगीच्या पावलाने उतरली. मेहुण्याने दार सरकवलं. दोघं रांगत बाहेर आले.

"मला फिट येणार आहे. कुशीवर वळव. तोंडात काही कोंबू नकोस. घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स बोलाव."

मेहुण्याने मनगट वर करून घड्याळ बघितलं. "ताईला काय सांगू?"

"गोळ्या मी बंद केल्या म्हणून सांग. डॉक्टरीणबाईंनाही तेच."

त्याने चष्मा काढून मेहुण्याच्या हातात दिला. समोर फ्लॅटचं दार होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत पाय येणार नाहीत असा भिंतीकडे सरकून तो आडवा झाला.