पाउणकीची भरती

वेणू लग्न होऊन गव्हाणला आली त्याला अजून महिनाही झाला नव्हता. एके दुपारी शेजारची ठमाबाई गुणाबाईच्या ओट्यावर येऊन टेकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गुणे, तुजी सून काय तरी पुटपुटतंय गो. पानी भरताना, भांडी घासताना. मी दोनदा कान देऊन आयकला. मंतरबिंतर तर नाय ना?"

"तुना बरा दुसऱ्याच्या घरातला आयकू येतो," असं म्हणून गुणाबाईनं विषय उडवून लावला. पण ठमाबाई गेली तरी तिचं बोलणं काही गेलं नाही. कारण गुणाबाईनंही ते पाहिलं होतं. पाट्यावर मसाला वाटताना वेणूचे ओठ हलत आणि वरवंटा त्या ओठांच्या तालावर पुढेमागे सरके. सून कामाला चांगली होती, उलटून बोलणारी नव्हती. मग हे काय?

वेणू रोडपालीची, चौथी पास. तिच्या बरोबरीच्या पोरी दुसरीतच शाळा सोडून मिठागरावर नाहीतर शेतात गेल्या. हिला मात्र बापानं चौथीपर्यंत जाऊ दिलं. नवरा तुळशीराम मुंबईच्या गोदीत कामाला होता. शनिवारी संध्याकाळी लाँच धरून यायचा, सोमवारी पहाटे परत. मधले दिवस घरात सासू, सासरा आणि ती. सासू भरभरून बोलायची, पण बाजाराचं आणि तिथं विकायच्या चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं. सासऱ्याशी तर नव्या सुनेनं बोलायचंच नसतं. घरात पुस्तक नव्हतं, आणि असतं तरी ते घेऊन बसायला सवड कुणाला होती? पाढ्यांना मात्र पुस्तक लागत नाही. दोन्ही हात राखेत असले तरी ते म्हणता येतात.

सगळ्या पाढ्यांत तिला पाउणकी आवडायची. शाळेत पोरं तिथंच अडखळायची, आणि हिला तिथंच गंमत वाटायची. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. तीन पावलं वेडीवाकडी पडायची आणि चौथं बरोबर सपाट जमिनीवर यायचं. पुन्हा तीन वाकडी, पुन्हा एक सरळ. माहेरची आठवण आली की वेणू ती पावलं टाकत लांबवर जाऊन यायची.

गुणाबाई मनात गोष्ट ठेवणारी बाई नव्हती. दुसऱ्याच दिवशी वेणू तांदूळ निवडायला बसली असताना तिनं समोर येऊन विचारलं, "काय म्हनतंस गो तोंडातल्या तोंडात?"

वेणू घाबरली. "पाउणकी, आये."

"ती काय असतंय?"

"पाढा हाय. शाळेतला."

"मग मोठ्यानं म्हन. मना पन कळू दे."

वेणूनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सूर धरला. सासरा बुधाजी अंगणात वल्ह्याला दोर गुंडाळत होता. त्याची होडी गव्हाणच्या बायकांना त्यांच्या मासळीच्या पाट्यांसकट खाडीतून पनवेलच्या बंदरावर न्यायची. भरतीच्या पाण्याबरोबर वर जायचं आणि ओहोटीबरोबर खाली यायचं, असा त्याचा धंदा. पाढ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पण 'आठ पाऊण सहा' कानावर पडलं आणि त्याचा हात थांबला. 'बारा पाऊण नऊ' आलं तेव्हा त्यानं वल्हं खाली ठेवलं.

"तिना इचार," तो बायकोला म्हणाला, "चार पाऊण किती?"

"चार पाऊण किती गो?" गुणाबाईनं विचारलं.

"तीन."

"तीन म्हनतंय."

"आनि सात?"

"सात किती?"

"सात पाऊण सव्वापाच," वेणू पदराआडून म्हणाली.

"सात पाव पाच," गुणाबाईनं पोचवलं.

"असा कसा व्हईल? पुन्ना इचार."

आणखी तीन-चार आकडे असे इकडून तिकडे गेले, त्यांतले दोन वाटेत मोडले, आणि गुणाबाई वैतागली. "मी काय टपालवाली हाय? दोघा एका अंगनात बसल्यात आनि मी मधी घसा सुकवतंय. तुमीच बोला. लोकांचा काय ते माजा मी बगीन."

मग बुधाजी पहिल्यांदा सुनेशी बोलला. त्याच्या बापानं त्याला तीन खुणा दिल्या होत्या. चवथीला तीन वाजता पाणी भरतं, अष्टमीला सहाला, बारशीला नऊला. शुद्ध पक्ष असो की वद्य, दोन्हीकडे तेच. मधल्या दिवसांचा हिशेब बापानं सांगितला नव्हता, तो डोळ्यांनी करायचा. "मधल्या तिथी तुज्या पाढ्यात हायत," बुधाजी म्हणाला. "तिथीची पाऊणपट केली की भरतीचा टाइम. चाळीस वरसां होडी हाकतंय, मना ठावा नव्हता का याचा पाढा हाय."

वेणूनं मान वर केली. शाळेत मास्तरांनी पाउणकीवर गणितं घातली होती, पण ती कापडाची आणि तेलाची. पाणीसुद्धा पाउणकी म्हणतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नात वेणूच्या मामानं गजराचं घड्याळ दिलं होतं. त्याची टिकटिक झोपू देत नाही म्हणून गुणाबाईनं ते लुगड्यात गुंडाळून फळीवर टाकलं होतं. आता ते बाहेर निघालं. बुधाजीला काटे कळत, पण पाव, अर्धा आणि पाऊण एवढेच. मिनिटं वेणू वाचायची. फाल्गुनातला शुद्ध पक्ष नुकताच लागला होता. बुधाजीनं धक्क्यावर खुणा पाडलेली एक काठी रोवली, आणि पाणी कुठवर चढून थांबतं ते दोघं बघू लागली. तिजेला, चवथीला पाढा जवळजवळ जमला. दहा-बारा मिनिटांचा फरक दिसला, पण तेवढं काय, काठी बघण्यातच तेवढं इकडंतिकडं होतं.

त्याचा परिणाम लगेच दिसला. आजवर बायका पहाटेपासून पाट्या घेऊन धक्क्यावर बसायच्या, कारण होडी कधी सुटणार याचं उत्तर 'पानी येल तवा' एवढंच असायचं. आता बुधाजी आदल्या दिवशीच घड्याळातली वेळ सांगायला लागला. बायका घरची कामं उरकून, भाकऱ्या बांधून वेळेवर येऊ लागल्या.

अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, भरती कशीबशी चढते. त्या दिवसांत होडी पनवेलला जात नसे. पुढची खेप पडली ती थेट चौदसीला, होळीच्या आदल्या दिवशी. सणाचा बाजार करायचा म्हणून होडी बायकांनी गच्च भरली, आणि गुणाबाईनं सुनेलाही बरोबर घेतलं. चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे साडेआठला निघायचं, की भरत्या पाण्याबरोबर दोन तासांत बंदर. बुधाजीनं बरोबर साडेआठला होडी सोडली.

पनवेल जवळ आलं, बंदरावरची माणसं दिसायला लागली, आणि होडी खाली घासली. पुढे नुसता चिखल होता. पाणी अजून वर चढायचंच होतं. बुधाजीनं बांबू रोवून रेटून पाहिलं, होडी हलेना. पाट्यांतल्या चिंबोऱ्या उन्हानं कासावीस होऊन खडखडायला लागल्या. बायकांची कुजबुज वाढली.

"गुणे," ठमाबाई म्हणाली, "तुज्या सुनेचा मंतर चिखलात रुतला गो."

वेणूला वाटलं, खाडीनं आपल्याला पोटात घ्यावं. ती मान खाली घालून बसली. गुणाबाईनं एका पाटीवर ओलं पोतं टाकलं, दुसऱ्या पाटीवर टाकलं, आणि मग ठमाबाईकडे न बघता म्हणाली, "रुतला तर निघल. तुजा नवरा होडीसकट तीन येळा रुतला व्हता, तवा कोनाचा मंतर व्हता?" होडीत हसू पिकलं आणि ताण जरा सैल झाला. पाऊण तासानं पाणी आलं, होडी आपसूक उचलली गेली. बाजार झाला. गूळ, डाळ आणि साखरेच्या गाठी घेऊन सगळ्या घरी आल्या.

परतीच्या वाटेवर बुधाजी सुकाणूशी बसून सुनेला म्हणाला, "निघतानाच मना दिसत व्हता, पानी मागं हाय. पन मी म्हटला, पाढा खोटा कसा बोलंल?"

"पाढा खोटा नाय, बाबा," वेणू म्हणाली. "पन कुठं तरी काय तरी ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी गावात होळीची लाकडं रचली जात होती आणि घराघरांतून पुरणाचा वास येत होता. वेणू पुरण वाटून, हात धुऊन, घड्याळ मांडीवर घेऊन धक्क्यावर जाऊन बसली. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकरा वाजले, पाणी चढतच होतं. साडेअकरा झाले, अजून चढत होतं. काठीवरच्या शेवटच्या खुणेशी पाणी थबकलं तेव्हा दोन्ही काटे एकावर एक आले होते. बारा.

बारा कुणाचे? तिनं पाढा पुढे नेला. सोळा पाऊण बारा. बारा यायला सोळा लागतात, आणि पक्षात तिथी तर पंधराच. एक पाऊण कमी पडते. पंचेचाळीस मिनिटं.

ती तशीच उठून घरी आली. बुधाजी जेवायला बसत होता. तिनं सगळं सांगितलं. "बाबा, यो पाऊण तास पुनवेला एकदम येतो का?"

बुधाजीनं हात धुतला, विचार केला. "पानी उडी मारत नाय, पोरी. रोज जरा जरा मागं सरकतो. पैल्या दिवसापासून सरकत असंल, आपल्याला दिसला नसंल."

रोज जरा जरा. पंचेचाळीस मिनिटं, पंधरा तिथी. वेणूनं क्षणभर डोळे मिटले आणि तिचा चेहरा उजळला. "तीन तीन मिनटां. तिथीची पाऊणपट करायची, आनि येक तिथीमागं तीन मिनटां वर टाकायची." तिनं लगेच चौदस करून पाहिली. साडेदहा, वर चौदा त्रिक बेचाळीस मिनिटं. अकराला बारा मिनिटं. आणि चवथ? तीन वाजून बारा. काठीवर तेव्हा दिसलेला फरक एवढाच तर होता.

बुधाजीनं चौदस पुन्हा म्हणून घेतली. "हां," तो म्हणाला, "अदमासानं तवाच भरला व्हता." मग पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवून तो बायकोला म्हणाला, "हिना अजून येक वाढ. सकाळपासून उपाशी बसलंय धक्क्यावर."

वद्य पक्षात होडी एकदाही रुतली नाही. गुणाबाईचं गिऱ्हाईक पनवेलला ठरलेलं होतं. मुसलमान मोहल्ल्यातली अमीनाबी तिच्याकडूनच चिंबोऱ्या घ्यायची, पण गुणाबाई कधी उगवेल याचा भरवसा नसल्यानं पुष्कळदा दुसरीकडून घेऊन मोकळी व्हायची. आता गुणाबाई तिला पुढच्या खेपेची वेळ सांगून यायची आणि त्या वेळेला दारात उभी राहायची. चिंबोऱ्या जिवंत असतानाच खपू लागल्या.

असं बस्तान बसतंय तोच एप्रिल उजाडला आणि सरकारचे नवे पैसे निघाले. रुपयाचे चौसष्ट नव्हे, शंभर पैसे. पहिल्याच खेपेहून गुणाबाई ओचा भरून नाणी घेऊन आली आणि वेणूसमोर ओतून म्हणाली, "भरती-वहटी सांगतंस, आता याचा सांग. पावलीचं, म्हंजे चार आन्यांचं पंचवीस, ते मना कळला. मग आन्याचं सहा कसं? चार सक चोवीस व्हतात."

"आन्याचं खरं सव्वासहा, आये. पन सव्वाचा पाव द्यायचा कशानं? पावाचा नानाच नाय. म्हनून आन्याला सहाच. दोन आन्यांचं साडेबारा, तिथं बारा. तीन आन्यांचं पावणेएकोणीस व्हतात, ते एकोणीसच्या जवळ, म्हनून एकोणीस."

गुणाबाईनं बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "म्हंजे येक येक आन्याचा तीन येळा घेतला तर अठरा. आनि तीन आन्याचा येकदम घेतला तर एकोणीस?"

"हां."

दुसऱ्या खेपेपासून गुणाबाईनं चिंबोऱ्यांचे आण्याचे वाटे बंद करून तीन-तीन आण्यांचे लावले. आणि घरचं सामान घेताना वाण्याकडे आण्याची हळद मागितली, पैसे दिले. मग आण्याचं जिरं मागितलं, पैसे दिले. मग आण्याची विड्याची पानं. वाणी म्हणाला, "मावशी, एकदम सांगा ना, मला तीनदा उठावं लागतंय."

"माजी आठवन कच्ची हाय बाबा," गुणाबाई म्हणाली. "येकदम ध्यानात येत नाय."

त्या शनिवारी तुळशीराम मुंबईहून आला तेव्हा अंगणात वेगळंच चाललं होतं. बाप घड्याळाला किल्ली देत होता आणि सुनेला विचारून उद्याची वेळ लावत होता. आई जमिनीवर खडे मांडून बसली होती, समोर ठमाबाई आणि आणखी दोन शेजारणी. वेणूचा पदर डोक्यावर होता, पण खालून आवाज खणखणीत येत होता. तुळशीरामनं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"चाय मिळंल का?" त्यानं विचारलं.

"मिळंल," आई म्हणाली. "आधी सांग, नऊ आन्यांचं किती?"

तुळशीराम ओट्यावर बसला आणि मोजायला लागला. आठ आण्यांचे पन्नास, त्यावर एक आणा. वेणूला उत्तर ठाऊक होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, कारण मोजताना त्याचेही ओठ हलत होते.

"छप्पन्न," त्याच्या आधी ठमाबाई म्हणाली.