वरईच्या रानातली रोपं

चिमाबाईनं डोक्यावरचा सरपणाचा भारा उतारावरच टाकला आणि ती खाली धावत सुटली. तिच्या वरईच्या रानात पोरं शिरली होती. एक-दोन नव्हे, गावच्या शाळेची चाळीसेक पोरं. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या हातात टिकाव आणि प्रत्येकाजवळ बांबूच्या टोपलीतलं एकेक रोप. खाली रस्त्यावर जीप उभी होती आणि जीपपाशी छत्रीखाली साहेब.

दहाच दिवसांपूर्वी तिनं एकटीनं, कंबर मोडेस्तोवर वाकून ही वरई लावली होती. तिचा नवरा येसू देहूरोडला डेपोत हमाली करायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरातल्या चौघांची पोटं या तुकड्यावर होती.

बांधावर रखमाजी मास्तर आडवे आले.

"चिमाबाई, थांब जरा. वनमहोत्सव आहे आज."

"कसला म्होच्छव? माजी वरई हाय ती! दिसती न्हाई का तुमास्नी?"

"दिसते." मास्तरांनी नजर खाली वळवली. "साहेबांना रस्त्यालगतची जागा हवी होती. जंगलखात्याच्या गार्डनं ही दाखवली. जमीन सरकारी आहे म्हणाला. मी काय बोलणार?"

"वरचा डोंगर बोडका झालाय. ठेकेदारानं कोळशापायी समदी ऐनाची झाडं तोडून न्हेली. तितं लावा की झाडं!"

"तिथवर जीप जात नाही."

तेवढ्यात गार्ड खेकसला, "ए बाई, मागं सर! फोटो काढायचाय."

साहेब दोन पावलं पुढे आले. बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधाच्या अलीकडेच थांबले आणि खणखणीत आवाजात बोलू लागले. "मुलांनो, जंगल कोण तोडतं? अडाणी माणसं तोडतात. तुम्ही शिकलात तरच हे डोंगर हिरवे राहतील." बोलता बोलता त्यांची नजर चिमाबाईच्या कमरेच्या कोयत्यावर गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चिमाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. आणि मग तिला तिची लेक चिंगी दिसली.

त्यांच्या ठाकरवाडीतून शाळेत जाणारी ती एकटीच पोर. तिला शाळेत घालायचं म्हणून चिमाबाई सासूशी भांडली होती, अख्ख्या वाडीशी भांडली होती. तीच चिंगी आता रानाच्या मधोमध उभी राहून पोरांना हात करून जागा दाखवत होती. हितं ठेव, तितं ठेव. आपल्याच वरईत.

फोटो झाला. खाऊ वाटला. जीप वळली आणि धूर सोडत कामशेतच्या बाजूला दिसेनाशी झाली.

चिमाबाई रानात उतरली ती थेट चिंगीपाशी गेली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. आवाज सगळ्या पोरांनी ऐकला.

"याच्यापायी घातली व्हय तुला शाळंत? आईच्या ताटात माती कालवाया?"

चिंगी रडली नाही. गालावर हातही नेला नाही.

चिमाबाईनं समोरचं रोप दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जीव लावून उपटलं. ती मागच्या मागे पडता पडता वाचली. रोप टोपलीसकट अलगद वर आलं होतं. खाली खड्डाच नव्हता. टोपलीभोवती बांधावरची माती लोटलेली, दोन बाजूंना दगडांचा आधार. लगतचे वरईचे चूड जसेच्या तसे उभे. तिनं दुसरं उचललं. तिसरं. तेही तसंच.

"मावशी," गावातली नंदा भीत भीत पुढे आली. "चिंगीनं सांगितलं समद्यांना. रस्त्याकडची रांग तेवढी खरी लावा, सायेब तितवरच येतंय. मागं नुस्ती टेकवा. वरईवर पाय पडला तर बघा, म्हनली."

रस्त्याकडचे दहा-बारा चूड तुडवले गेले होते. बाकी सगळं रान शाबूत होतं.

चिमाबाईनं मास्तरांकडे पाहिलं. पाऊस नव्हता, तरी मास्तर छत्री उघडण्यात गुंतले होते.

तिचा राग कुठं गेला नव्हता. जीप निघून गेली होती, डोंगर बोडकाच होता आणि उजव्या हाताचा तळवा अजून चुरचुरत होता.

"ही रोपं सुकत्याल आता," कुणीतरी म्हणालं. "कुटं न्यायची?"

चिमाबाईनं कोयता हातात घेतला. पोरं दोन पावलं मागं सरली.

"उचला," ती म्हणाली. "वर."

ती पुढं झाली. कोयत्यानं घाणेरीची झुडपं तोडत ती वाट करू लागली. मागून टोपल्या घेतलेली पोरं आणि सगळ्यात शेवटी, धोतर खोचून, मास्तर. ऐनाची खुंटं दिसू लागली तशी चढण उभी झाली. चिंगीच्या दोन्ही काखांत दोन टोपल्या होत्या. तिला धाप लागली होती, डाव्या गालावर बोटं उमटली होती.

चिमाबाई थांबली. पोरगी जवळ आल्यावर तिनं एक हात पुढं केला.

"आन हिकडं एक."

चिंगीनं वर पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि आईला वळसा घालून वर चढू लागली.