कोऱ्या कागदांची मुदत

ताई मला उद्याबाई म्हणते. काही खोटं नाही. आमचे वडील, अण्णा, गेले त्याच वर्षी त्यांच्या शेवटच्या दिवसांवर पुस्तक लिहायला घेतलं, आणि सात वर्षांत माझं पहिलं प्रकरणच सहा वेळा लिहून झालं. नमनाला घडाभर तेल. बरं, मी आळशी म्हणावं तर तसंही नाही. छापखान्यात औषधांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांची प्रुफं मी तपासते, आणि माझ्यामुळे मशीन थांबलंय असं एकदाही झालेलं नाही. दुसऱ्यानं दिलेली तारीख मी चुकवत नाही. स्वतःची तारीख आली की तिला चहा पाजून परत पाठवते.

शेवटी ताईलाच साकडं घातलं. ती ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर असते. तिच्याकडे तारीख मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला कळायला हवं होतं. तिनं ड्रॉवरमधून वीस कोरे कागद काढले, प्रत्येकाच्या मागे परतीच्या तारखेचा शिक्का मारला आणि माझ्या कार्डावर चढवले.

"पंधरा दिवसांनी परत. लिहून."

"आणि नाही जमलं तर?"

"सगळ्यांचं होतं तेच. कार्ड बंद."

मला रोज झोपण्याआधी रहस्यकथा लागते, हे तिला पक्कं ठाऊक.

"तू मात्र वाचायचं नाहीस," मी म्हटलं. "सगळं पूर्ण होईपर्यंत."

"मला काय करायचंय वाचून? मी मोजून घेईन."

आणि खरंच मोजून घ्यायची. पहिल्या खेपेला मी सतरा पानं लिहून नेली आणि तीन कोऱ्यांवरून हुज्जत घातली. तिनं शांतपणे कार्ड काढून घेतलं. तो पंधरवडा मी खोकल्याच्या औषधाचे दुष्परिणाम वाचत झोपले. त्यानंतर कानाला खडा. वाईट लिहिलं, बसमध्ये मांडीवर लिहिलं, पण वीसच्या वीस नेली. गंमत म्हणजे घाईत लिहिलेलंच बरं निघायचं. नटवायला वेळच नसायचा.

नववा गठ्ठा शेवटचा. त्या शनिवारी मी ग्रंथालयाच्याच वाचनकक्षात बसले होते. सहाला दार बंद होतं, आणि सव्वापाच वाजले होते. अठरा पानं झाली होती. दोन उरली होती आणि लिहिण्यासारखं एकच उरलं होतं, सात वर्षं टाळलेलं.

अण्णांच्या आजारपणात ताई दुसऱ्या गावी नोकरीला होती. रविवारी यायची, अण्णांच्या उशा सारख्या करायची, मला चार सूचना द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. उंटावरून शेळ्या हाकते, असं मला वाटायचं. त्या गुरुवारी हॉस्पिटलात अण्णा म्हणाले, "थोरलीला बोलावून घे गं." मी चिडलेली होते. "उद्या करते फोन," म्हटलं. पहाटे अण्णा गेले. ताईला मी सांगितलं, झोपेतच गेले, काही बोलले नाहीत.

त्या दोन पानांवर दुसरं काहीही लिहिता आलं असतं. हॉस्पिटलच्या खिडकीबद्दल तीन ओळी लिहिल्याही, आणि माझी मलाच किळस आली. त्या खोडल्या आणि जसं झालं तसं सरळ लिहिलं. अर्धा तास लागला. सात वर्षं आणि अर्धा तास.

काउंटरवर ताईनं पानं मोजली. "म्हणजे पूर्ण? मग वाचू आता?"

"जरा एकदा हात फिरवते," एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. ताई सोडून मला आता कुणी नाही.

"वाच," मी म्हटलं. "शेवटची दोन आधी."

तिनं उभ्यानंच वाचलं. वाचक निघून गेले, शिपायानं खिडक्या लावल्या, तरी ती दुसऱ्या पानावरच होती.

"ताई, बोल काहीतरी. शिव्या दे हव्या तर."

तिनं चष्मा काढला. "अण्णांनी मला फोन केला होता. त्याच गुरुवारी. नर्सचा फोन मागून घेतला होता त्यांनी."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ये म्हणाले. मी म्हटलं, रविवारी येतेच आहे ना, अण्णा. बरं म्हणाले." ती पानांच्या कडा जुळवत राहिली. "तुला सांगायचं होतं. दर वर्षी ठरवायचे."

म्हणजे माझ्या 'उद्या'वर अण्णा विसंबले नव्हते. एका दिवसात त्यांनी दोघींना विचारून पाहिलं होतं. मला रडू फुटलं. खरं सांगते, त्यात हलकंही वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचा रागही आला. ताईनं काउंटरवरून हात पुढे करून माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"हे पण घाल पुस्तकात," ती म्हणाली.

"तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे."

"कधीपर्यंत हवंय?"

"आत्ता. मी सांगते, तू लिही."

तिनं शिपायाकडून किल्ल्या घेतल्या, त्याला घरी पाठवलं आणि माझ्या शेजारी येऊन सांगायला लागली.