आठवा बेड

खेळता खेळता भुलीचा मास्क संस्कृतीने स्वतःच नाकावर धरला आणि फुग्यासारखा वास येतो म्हणाली. शरिफाताई हसल्या. नगरच्या त्या मुलांच्या दवाखान्यात त्यांचं कामच ते होतं. ऑपरेशनच्या आधी मुलांशी खेळायचं, पुढे काय होणार ते सांगायचं. दुखणार असेल तर दुखणार म्हणून सांगायच्या. त्यामुळे पोरांचा त्यांच्यावर आईपेक्षा जास्त भरवसा.

आठव्या बेडवरची संस्कृती दुसरीत होती, भंडारदऱ्याकडच्या एका वाडीतली. गुडघ्यापाशी हाडात गाठ झाली होती. पाय मांडीतून काढावा लागणार, हे घरच्यांना ठाऊक होतं, तिला नव्हतं.

शरिफाताई तिला सांगणारच होत्या. पण तिचा बाप गहिनीनाथ जिन्यापाशी हात जोडून आडवा आला. आत्ता कळलं तर पोरगी टेबलावर चढायची नाही, शुद्धीवर आल्यावर मीच सांगतो, म्हणाला. शरिफाताई डॉक्टरांकडे गेल्या, भांडल्या. आईबापांची मर्जी, तुम्ही तिला फक्त शांत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्या परत येऊन बेडवर टेकल्या.

"ताई, गाठ काढल्याव पाय दुखायचा थांबंल?"

"थांबेल."

एवढ्यावर पोरगी स्वतःहून स्ट्रेचरवर चढली.

शुद्धीवर आल्यावर तिने हाताने पांघरूण चाचपलं. जिथे पाय संपत होता तिथे हात थांबला. गहिनीनाथ तेव्हा खाली टपरीवर होता. वर यायचा त्याला धीर झाला नाही. आई तोंडात पदर कोंबून बसलेली.

"तुमाला ठावं हुतं?" संस्कृतीने विचारलं.

"हो," शरिफाताई म्हणाल्या.

ती रडली नाही. नंतर मात्र नसलेला पाय दुखायला लागला. नडगीत कळा येतात म्हणून ती नर्सला सांगायची. शरिफाताई आल्या की भिंतीकडे तोंड करायची.

आठवड्याने शेजारच्या बेडवर पार्थ आला, पाच वर्षांचा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. शरिफाताई त्याच्याजवळ बसल्या.

"लई दुखतं का?" त्याने विचारलं.

त्यांनी तोंड उघडण्याआधीच भिंतीकडून आवाज आला, "तिला इचारू नको."

त्या आवाजात राग नव्हता. पार्थने एकदा तिकडे पाहिलं, एकदा शरिफाताईंकडे, आणि कूस बदलून आईच्या कुशीत शिरला. सुई कुठे टोचणार, जाग आल्यावर किती दुखणार, सगळं खरं खरं शरिफाताई त्याच्या पाठीला सांगत राहिल्या.