कान्होबापुढचा आवाज

कारखान्याचा भोंगा वाजला. कान्होबाच्या मूर्तीवर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगला गेला. दारात पोलीस जमादार येऊन उभा राहिला.

पूर्व पाकिस्तानातून कागदांविना आलेली बिनोदिनी मरोदा या कामगार वस्तीतल्या मराठी भजन मंडळात लुगडं नेसून लपली होती. सापडली, तर तिला परत सरहद्दीपार धाडणार होते.

"कोई बंगाली है इधर?"

"आमी सारे भंडाऱ्याचे हावो जी. आरती होऊ द्या," मंडळाचा म्होरक्या केवलराम म्हणाला.

आरती सुरू झाली आणि जीभ फिरवून बंगाली बायका करतात तो उलुध्वनी सवयीने बिनोदिनीच्या तोंडून निघाला. जमादार वळला.

लगेच शेजारी उभ्या सिंधुताईने तसाच आवाज काढला, अगदी बेसूर. मग साऱ्याच बायांनी.

"ये क्या है?"

"आमच्या कान्होबाले असंच लागते. तुमी बी करा ना, जमादारसाहेब!" सिंधुताई म्हणाली.

जमादार प्रसाद घेऊन निघून गेला.

त्या सकाळी बिनोदिनीला हाकलून द्या म्हणणारी एकटी सिंधुताईच होती.