बिनमिशीचं घराणं

विळा हातात तसाच धरून झुलालनाना मळ्याच्या बांधावर थांबले. त्यांच्या घराकडून रडण्याचा आवाज येत होता, आणि रडणारी बाई त्यांच्याच नावानं रडत होती.

"माझ्या झुलालदादा रे! मले टाकून कसा गेला रे तू!"

आवाज भिकूचा होता, त्यांच्या धाकट्या बहिणीचा. भिकुबाई चिनावलला दिलेली. सणावाराला गाडी पाठवली तरी ती चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा यायची. आज न बोलावता आली होती, आणि आल्या आल्या भावाला मारून मोकळी झाली होती. नानांनी उगाच आपल्या कानाच्या पाळीला हात लावून पाहिला. पाळी जागेवर होती. केळीची पिलं कापून चिकानं काळी पडलेली बोटंही त्यांचीच होती.

घरापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात वीसएक माणसं माना खाली घालून बसली होती. गेल्या वर्षी फैजपूरला काँग्रेस भरली, तेव्हासुद्धा या आळीतून एवढी माणसं एकदम बाहेर पडली नव्हती. पुना न्हावी धोकटी मांडीवर घेऊन तयारीत बसला होता. शेजारची ताईबाई तर थेट चुलीपर्यंत शिरली होती आणि सुंदरबाईच्या बांगड्यांना हात घालत होती. सुंदरबाईनं पिठाच्या हातांनी तिला ढकललं, म्हणून बांगड्या वाचल्या. "अहो, ते मळ्यात आहेत, आताच न्याहारी करून गेले," असं ती ओरडून सांगत होती, आणि दुःखानं बिचारीचं डोकं फिरलं म्हणून बाया आणखीच रडत होत्या.

"काय चाललंय हे?" नाना गरजले.

भिकुबाईचा हुंदका अर्ध्यावरच थांबला.

"दादा, तू जिता आहे?"

"नही, भूत आहे! भाकर खायले आलो. कोण म्हणे मी मेलो?"

एकेक मान हळूहळू ओट्याकडे वळली. तिथं खांबाला टेकून त्यांचा मुलगा कौतिक उभा होता. एकवीस वर्षांचा, धुळ्याला एका वकिलाच्या हापिसात कारकून. अंगात शहरी कोट, पायाशी ट्रंक. आणि वरच्या ओठावर काहीही नाही. ओठ असा साफ, की उजेड पडून चमकत होता.

आता बोला! बाप गेल्याशिवाय मुलाची मिशी उतरत नाही, हे या गावात शेंबड्या पोराला ठाऊक. बाप हयात असताना ती उतरवणं म्हणजे त्याला चालता-बोलता सरणावर ठेवणं. त्यात नाना पंधरा दिवस धुळ्याला होते, छातीचा खोकला डॉक्टरला दाखवायला. ही गोष्ट गावभर माहीत होती. ते बरे होऊन शनिवारी संध्याकाळी मोटारीनं परत आले आणि सकाळी उठून मळ्यात गेले, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. आज चाळीसगावावरून गाडी बदलत कौतिक सावद्याच्या स्टेशनावर उतरला, एकटा आणि बिनमिशीचा. सुकदेव गाडीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, पागोटं काढलं आणि भाडं घेतलं नाही. साहेबी कोटाचा मान ठेवला, असं या शहाण्याला वाटलं. सुकदेव त्याला घरी सोडून तसाच चिनावलला गेला आणि भिकूला गाडीत घालून घेऊन आला. वाटेत जो भेटला त्याला सांगत आला, ते वेगळंच. नाना बरे आहेत, असं कौतिकनं सांगून पाहिलं, पण त्या साफ ओठापुढे त्याचं कोण ऐकणार?

"मी धुळ्यात व्हतो तोवर मिशी व्हती ना रे तुले?" नानांनी विळा ओट्यावर आपटला. "मी पाठ फिरवली आणि लगेच? बापानं गावात पाय ठेवेस्तोवर तरी थांबायचं!"

"नाना, शहरात आता कोणी त्याचं काही मानत नाही."

"शहरात! मी शहरात मेलो की काय? इथं मेलो, माझ्या अंगणात! वीस माणसांनी पाहिलं!"

"हापिसात सगळे साफ असतात, नाना. वकीलसाहेब, मोठे कारकून, सगळेच. मिशी म्हणजे दाराशी उभ्या असणाऱ्या शिपायाला. मी एकटाच शिपायासारखा दिसायचो."

नानांच्या तोंडात आलेली पुढची शिवी तिथंच राहिली. हे बोलणं त्यांनी याआधी ऐकलं होतं. याच ओट्यावर, याच खांबापाशी.

तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. जळगावला कापसाच्या गाडीबरोबर गेले असताना त्यांनी एका फौजदाराची मिशी पाहिली. टोकं वर वळवलेली, तेल लावलेली, लांबून दिसणारी. त्या वर्षी तालुक्यातल्या निम्म्या पोरांनी तशी ठेवली. त्यांचे वडील निंबाआबा मात्र जुन्या वळणाचे. त्यांचा बाप ते पाळण्यात असतानाच गेलेला, त्यामुळे ओठावर वस्तरा फिरायला कसली आडकाठी नव्हती. दर आठ दिवसांनी पुनाचा बाप यायचा आणि आबांचा चेहरा साफ करून जायचा. आबांच्या बरोबरीच्या निम्म्या माणसांचं तसंच. पोराची फौजदारी मिशी पाहून आबा म्हणाले होते, "मिशी शिपायानं ठेवावी. ज्याले घर आहे, शेत आहे, त्यानं तोंड साफ ठेवावं."

झुलालनं ऐकलं नाही. आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सबंध दोन वर्षं. काही सांगायचं असलं की नऊ वर्षांच्या भिकूला हाक मारायचे. "भिके, सांग त्या फौजदाराले, जेवायले ये म्हणावं." आणि भिकी ओसरीतून पडवीत, पडवीतून ओसरीत निरोप नेत धावायची. तिसऱ्या वर्षी प्लेगात आबा गेले. तेव्हा ती मिशी उतरली, अगदी मुळापासून. पण जिच्यापायी एवढं रामायण झालं, ती उतरलेली पाहायला आबाच नव्हते. नानांनी महिनाभरानं ती पुन्हा वाढवली, ती आजतागायत. का वाढवली, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

"झुलालभाऊ!"

फाटकात टांगा थांबला होता, आणि त्यातून सावद्याचे शालिग्राम उतरत होते. शालिग्रामांच्या कुंदाशी कौतिकची सोयरीक जमली होती. येत्या गुरुवारी सुपारी फुटायची होती. कौतिकनं मुलगी पाहून आल्यावर "चालेल" एवढंच सांगितलं होतं, पण सांगताना तो कानापर्यंत लाल झाला होता. त्यानंतर त्यानं आईला तीन पत्रं लिहिली, आणि तिन्ही पत्रांत गुरुवारची आठवण होती.

शालिग्राम घाईघाईनं आले आणि नानांना पाहून जागीच थबकले. मग त्यांनी नानांचे दोन्ही दंड धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. स्टेशनावर ऐकलं आणि तसेच निघालो, म्हणाले. सुंदरबाईनं लगबगीनं तांब्या पुढं केला. सुतकाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही असं ठरवून आलेल्या शालिग्रामांनी आता हसत हात पुढे केला. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावर गेली, आणि हात मागे आला.

"हे काय?"

"पोरानं येडेपणा केला," नाना म्हणाले. "शहरात राहून अक्कल गेली त्याची."

शालिग्रामांनी कौतिकला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भला माणूस. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. चढवला असता तर भांडता आलं असतं.

"झुलालभाऊ, तुम्ही जिते आहात, देवानं चांगलं केलं. पण बाप जिता असताना ज्यानं त्याच्या नावानं मिशी उतरवली, त्याच्या घरात मी माझी कुंदी कशी द्यावी? पोरीच्या कपाळाचा सवाल आहे. जो बापाच्या जिवावर उठला, तो उद्या…"

"जिवावर नही उठला!"

नाना एवढ्या जोरात बोलले की अंगणातली कुत्री उठून गेली. घटकाभरापूर्वी ते स्वतः हेच म्हणत होते. पण आपण आपल्या पोराला म्हणणं वेगळं आणि दुसऱ्यानं म्हणणं वेगळं. ओट्यावर कौतिक पांढराफटक पडला होता. कोटाचं एक बटण तो धरून उभा होता, सुटलं तर आपणच गळून पडू असं.

"आमच्या घराण्यात मिशी ठेवत नहीत," नाना म्हणाले.

अंगणातल्या वीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ठेवत नहीत?" शालिग्राम म्हणाले.

"नही. माझ्या बापानं जन्मात ठेवली नही. विचारा या पुनाले, त्याच्या बापाच्या हातची हजामत व्हती आबांची. चांगल्या घरच्या माणसानं तोंड साफ ठेवावं, असं आबा म्हणत. नातवानं आज्याचं वळण उचललं. त्यात अपशकुन कायचा?"

शालिग्राम नानांच्या ओठाकडे पाहत होते. तिथं तीस वर्षांची, अर्धी पिकलेली, टोकं वळवलेली फौजदारी मिशी होती.

"आणि ही?"

नानांनी बोटांनी मिशीचं एक टोक चाचपलं. चिकाचा डाग केसांना लागला.

"ही चूक व्हती," ते म्हणाले. "पुना, वाटीत पाणी घे."

"नाना, नको!" कौतिक ओट्यावरून खाली आला.

"तू गप बस रे! तुझ्यापायीच चाललंय सगळं."

नाना ओट्यावर बसले, आणि पुनानं धोकटी उघडली. तो आला होता मयताच्या कामाला, आणि आता जित्याच्या कामाला बसला. वस्तरा दगडावर घासताना त्यानं एकदा विचारून पाहिलं, "नाना, नुसती बारीक करू का?"

"तुले उतरव म्हटलं ना? हे वीस जण कवाचे ताटकळले आहेत. रडायले आले, निदान काही पाहून तरी जाऊ दे त्याहीले."

पुनाचा हात सुरू झाला. डावी बाजू उतरली, मग उजवी. काळे-पांढरे केस नानांच्या मांडीवरच्या फडक्यावर पडत होते. नानांनी डोळे मिटून घेतले होते. वाऱ्याची झुळूक आली तेव्हा वरच्या ओठाला गार लागलं, आणि त्यांनी तो नकळत आत ओढून घेतला.

पुनानं आरसा पुढं केला. नानांनी त्यात पाहिलं, तर आत आबांचंच तोंड होतं. मग आरसा उलटा करून पुनाच्या हातात दिला.

शालिग्राम ओट्याच्या पायरीवर टेकले. एकदा त्यांनी बापाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. दोघांचे ओठ सारखेच.

"वहिनी," ते सुंदरबाईला म्हणाले, "पाणी द्या. तहान लागली."

माणसं एकेक करून उठली. ताईबाई सगळ्यांत आधी सटकली. भिकुबाई मघापासून आत होती. रडून रडून थकलेली, चुलीपाशी बसून राहिली होती. बाहेर अचानक शांतता कशानं झाली, हे पाहायला ती दारात आली.

ओट्यावर बसलेल्या माणसाकडे पाहून ती चौकटीतच थांबली. तिचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. नानांनी तिला पाहिलं. कौतिक पायरीपाशी मान खाली घालून उभा होता, त्याच्याकडे मात्र त्यांनी पाहायचं टाळलं.

"भिके," ते म्हणाले, "सांग त्या बाबूले, जेवायले ये म्हणावं."

सकाळपासून सबंध आळी गोळा होईल इतकं रडलेली भिकुबाई पुढं यायला निघाली. ओसरी ओलांडून कौतिकपाशी जायला चार पावलं लागली असती, पण ती उंबऱ्यावरच बसली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला, आणि या वेळी तिचा आवाज कोणालाही आला नाही.