गुलाबी डाग

“हात आणखी वर जातोय का, डेस?” डॉक्टर लिनने विचारलं.

“बिअरचा ग्लास तोंडाला लागतो. त्याच्यावर कशाला न्यायचाय?”

“वात्रटपणा पुरे. ती विचारते त्याचं उत्तर दे,” शेजारच्या खुर्चीतून नोलीन म्हणाली. नोलीन त्याची वहिनी, थोरल्या मर्व्हची बायको. डेसच्या काखेतल्या गाठी नुकत्याच काढल्या होत्या, गाडी चालवायला मनाई होती, म्हणून निकाल ऐकायला तीच त्याला घेऊन आली होती.

दोघे भाऊ छपरं घालणारे. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्वीन्सलँडमध्ये भर दुपारी तापल्या पत्र्यावर उघड्या अंगाने काम करणं म्हणजे मर्दुमकी. सावली शोधणाऱ्याला मर्व्ह ‘बँकवाला’ म्हणून हिणवायचा. लहानपणी दोघं एकमेकांची उन्हाने भाजलेली पाठ सोलायचे, आणि ज्याच्या हाती सर्वांत मोठा पापुद्रा येईल तो जिंकायचा. पुढे मर्व्हच्या पाठीवर काळा डाग आला, तो कर्करोग निघाला आणि तिथून काखेतल्या गाठींत उतरला. गाठी काढल्या. मग वाट बघण्यापलीकडे कुणाच्या हाती काही नव्हतं. दोन वर्षांत तो गेला.

तेव्हापासून नोलीन दर नाताळला डेसची पाठ तपासायची. काळं काही दिसत नव्हतं. खांद्यामागे एक गुलाबी पुटकुळी होती. डास चावला असेल म्हणून दोघांनीही ती सोडून दिली. कातडीचा कर्करोग गुलाबीही असतो, हे काखेत गाठ हाताला लागल्यावर कळलं. या वेळी डॉक्टरांनी आधी सलाईनमधून औषध दिलं, शरीरालाच आजाराशी लढायला लावणारं, आणि मग गाठी काढल्या. त्या औषधाने डेसच्या थायरॉईडची मात्र वाट लावली. आता गोळी जन्माची.

लिनने टाके पाहून घेतले आणि सरळ सांगितलं, “काढलेल्या गाठींत जिवंत कर्करोग सापडला नाही. एक पेशीसुद्धा नाही.”

“म्हणजे सुटलो?”

“एवढा मोठा शब्द मी वापरणार नाही. असा निकाल आलेल्या बहुतेकांचा आजार परतत नाही. थोड्यांचा परततो. तपासणीला येत राहायचं.”

डेसने मान खाली घातली. त्याला आनंद झाला होता, आणि नोलीनसमोर तो कुठे लपवावा ते कळत नव्हतं.

“अगं, बोल ना काहीतरी. शिवी तरी दे,” तो म्हणाला.

नोलीन डॉक्टरकडे बघत होती. “माझ्या नवऱ्याला हेच होतं. त्याच्या वेळी का नाही दिलं हे औषध?” तिने मर्व्ह गेला ते वर्ष सांगितलं.

“तेव्हा ते नव्हतं,” लिन म्हणाली. “थोड्या वर्षांनी आलं. असतं तर काय झालं असतं, ते मलाही सांगता येणार नाही.”

“थोड्या वर्षांनी,” नोलीन म्हणाली. “राग येतो बघ मला त्याचा. गाढवाला जरा थांबता आलं नाही.”

डेसने शर्ट उचलला, चांगला हात आधी बाहीत घातला आणि दुसरा काही मागे जाईना. नोलीन उठली. तिने बाही परत काढली.

“उलटं करतोयस. दुखरा हात आधी.”

तिने दुखरा हात अलगद बाहीत सरकवला, शर्ट पाठीवरून फिरवला आणि दुसरा हात घातला. मर्व्हच्या वेळी केलेलं तिला आठवावं लागलं नाही. हे कुठे शिकलीस, असं डेसने विचारलं नाही. तिने खालपासून वरपर्यंत बटणं लावली, कॉलर सारखी केली, आणि हात थोडा वेळ तिथेच राहू दिला.